त्रेसष्टच्या पुढं

माझ्या आयुष्यातले बरेचसे घोटाळे कानामुळे झालेले आहेत. मुलीच्या शाळेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं, "शिरूरला आपा आहेत, त्यांच्याकडे न्या हिला," आणि मी ऐकलं 'आप्पा'. एका जोडाक्षराचा फरक. त्या जोडाक्षरापायी मी शिरूरच्या स्टँडमागे एका आप्पांसमोर पाऊण तास बसून माझ्या संसाराची आख्खी कहाणी सांगितली. बायको माहेरी गेल्याला आठ महिने झाले, दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज कोर्टात पडलाय, आणि सात वर्षांची स्वरा मी भेटायला गेलो की घरातून गायब होते. शाळेतसुद्धा बाकाखाली जाऊन बसते. आप्पा मन लावून ऐकत होते. दोनदा त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. शेवटी म्हणाले, "समदं खरं हाय पाव्हनं. पर ट्रॅक्टर कोन्ता बघायचाय?"

ते जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करायचे. खरा पत्ता त्यांनीच दिला. "आपा म्हंजी खेळवाल्या. पिठाच्या गिरणीच्या वर. चपला खाली काढा, न्हायतर बोलनी खाल."

मी चपला घालूनच वर गेलो आणि बोलणी खाल्ली.

आपांनी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याला जाऊन मुलांवर खेळातून उपचार करायचा कोर्स केला. वर्गात सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच, आणि शिकवणाऱ्या मॅडमच्या चुका काढणाऱ्याही त्याच. आई-बाप वेगळे होताना पोराच्या आत जे तुंबतं ते बोलून निघत नाही, खेळून निघतं, एवढंच त्या सांगायच्या, तेही कुणी फार खनपटीला बसलं तर. खोलीला बोर्ड नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "बोर्ड लावला की पोरांना वाटतं आपुन आजारी हाय. पोरं नसत्यात आजारी. तुमी आजारी हाय."

पाच फुटांच्या आतली उंची, डोक्यावरून सुती साडीचा पदर, पायांत मोजे, गळ्यात शाळेच्या कवायतीची शिट्टी. केस वयानं पांढरे झाले होते की पिठानं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्या खोलीत सगळंच पांढरं असायचं. खाली गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरायची आणि जिन्यावर, खिडकीवर, बाहुल्यांच्या डोक्यावर पिठाचा थर बसायचा. तो आपा मुद्दाम झाडत नसत. जिन्यावरची पावलं त्या रोज बघायच्या. कुठलं पोर पळत आलं, कुठलं ओढत आणलं, कुठलं तिसऱ्या पायरीवरून मागं वळलं, सगळं त्यांना पिठात दिसायचं. "तोंड खोटं बोलतं," त्या म्हणायच्या, "पाऊल न्हाई बोलत."

त्यांचे वडील एसटीत कंडक्टर होते. त्याचा परिणाम असा की आपा कुठल्याही आई-बापाला नावानं हाक मारत नसत. गावाच्या नावानं पुकारायच्या. "न्हावरे, आत या. दौंड, तुम्ही भाईर थांबा." मी दौंड. कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टला जातो, राहतो दौंडला. आणि न्हावरे म्हणजे माझी बायको, म्हणजे होणारी माजी बायको, म्हणजे काय म्हणायचं हीच तर माझी अडचण होती. दहा वर्षांच्या संसारात मी तिला नावानं हाक मारलेली नाही. आधी 'अगं', मग 'स्वराची आई'. घटस्फोटाच्या कागदावर तिचं पूर्ण नाव वाचलं तेव्हा क्षणभर वाटलं, ही कोण? आपांनी ती अडचण एका मिनिटात मिटवली. तिथं मीही तिला न्हावरे म्हणू लागलो आणि ती मला दौंड. खरं सांगतो, लग्नात एवढ्या आदरानं आम्ही कधी बोललो नव्हतो.

दौंडहून शिरूरला जायचं तर माझी मोटारसायकल न्हावऱ्यावरूनच जाणार. स्टँडवर सासरे आणि मेहुणा बसलेले असणार. रविवारी स्वराला भेटायला गेलो की त्यांच्यापुढं उभं राहावंच लागायचं; शनिवारी तरी चुकवावं म्हणून मी हेल्मेट घेतलं, काळ्या काचेचं. काच खाली, मान खाली, दर शनिवारी सुसाट. तिसऱ्या शनिवारी न्हावरे मला म्हणाली, "आबा इचारत व्हते, जावाई हेल्मेट का घालतोय. आख्ख्या गावात हेल्मेट घालून जानारा तू एकलाच. लोकं लांबून म्हनत्यात, आला बगा आबांचा जावाई."

आपांचे नियम थोडे आणि चमत्कारिक होते. मोबाईल ज्वारीच्या डब्यात टाकायचा आणि वर झाकण लावायचं. आत कुणाचा फोन वाजला की ज्वारी थरथरायची आणि मुलं हसायची. पोराला एकही प्रश्न विचारायचा नाही. "प्रश्न इचारायला पोलीस हायत," असं त्या म्हणत. आणि कुठल्याही मुलाला मुद्दाम जिंकू द्यायचं नाही. स्वतः आपा सहा वर्षांच्या पोरांना सापशिडीत सपशेल हरवायच्या. फासा टाकताना बिस्मिल्ला म्हणायच्या आणि सहा पाडायच्या. हरलेलं पोर रडलं तर रडू द्यायच्या, मग म्हणायच्या, "झालं रडून? मांड परत."

पहिल्या दिवशी त्यांनी मलाच सापशिडीला बसवलं. मला वाटलं, वयस्कर बाई आहेत, मान द्यावा. नव्याण्णवचा साप टळत असताना मी हळूच एक घर जास्त मोजलं आणि सापाच्या तोंडात गेलो. आपांनी पट मिटला.

"मुद्दाम हारलात."

मी म्हणालो, तसं नाही, मोजताना चुकलं.

"घरी बी आसंच करत आसाल. हारायचं आन् वर उपकार दावायचं. आसल्या मानसासंगं भांडायचं कसं बाईनं?"

घटस्फोटाच्या पहिल्या तारखेला वकील दोन तास बोलला होता. त्यातलं एकही वाक्य मला एवढं लागलं नव्हतं.

मी एकटाच असा फजीत होत नव्हतो, हा एक दिलासा. वडगाव रासाईचे एक आप्पा यायचे (हे ट्रॅक्टरवाले नव्हेत, वेगळे). भीमेकाठी बक्कळ ऊस, सोसायटीवर वजन. मुलगा-सून वेगळे झालेले, नात बोलेनाशी झालेली. आप्पांनी पहिल्याच दिवशी आपांना हुकूम सोडला, "पंधरा दिसांत पोरगी नीट पायजे." आपांनी त्यांना मांडी घालून बसवलं, हातात भातुकलीतली तवा-उलथणी दिली आणि सांगितलं, नात सांगेल ते करायचं. नातीनं त्यांना वाळूच्या भाकरी करायला लावल्या. भाकरी गोल नाही म्हणून तीन वेळा परत करायला लावल्या. आप्पांच्या भाकरीला तोवर कुणी नावं ठेवली नव्हती, कारण त्यांनी तोवर केलीच नव्हती. पुढं नात बोलायला लागली, शाळेत रमली, तरी आप्पा अधूनमधून एकटेच यायचे. आपा त्यांना वाळू द्यायच्या.

स्वराचा प्रकार अवघड होता. न्हावरे तिला दर शनिवारी घेऊन यायची, पण मला बघितलं की ती लपणार, म्हणून मी तिच्या आधी येऊन खाली गिरणीत दळणाच्या डब्यांच्या रांगेत बसायचो. बायका विचारायच्या, "काय आणलंय दळायला?" दोन शनिवार मी नुसता हसलो. तिसऱ्या शनिवारपासून लाज वाटून पाच किलो गहू घेऊन जायला लागलो. डोक्यात मात्र दुसरंच दळण चाललं होतं. मला खात्री होती की सासरची माणसं पोरीला शिकवतायत. रविवारी मी न्हावऱ्याला जाऊन अंगणात उभा राहायचो, "स्वरा, बाहेर ये, बाबा आलाय," म्हणून हाका मारायचो, आणि आतून उत्तर नाही. सासू म्हणायची, "इथंच व्हती की आत्ता." दाराआडून कुणीतरी तिला थोपवून धरत असणार, दुसरं काय? माझ्या वकिलानं नवा अर्ज लिहून तयार ठेवला होता. मुलीचा ताबा बापाला द्यावा, कारण 'आईकडील मंडळींनी अल्पवयीन मुलीचे मन कलुषित केले आहे'. 'कलुषित' या शब्दावर वकील फार खूश होता. तो अर्ज गेला असता तर संमतीचा घटस्फोट तिथंच संपला असता आणि खरी मारामारी सुरू झाली असती. स्वरा त्या मारामारीच्या मधोमध. मला हे कळत होतं, आणि तरी मी तो कागद खिशात घेऊन हिंडत होतो.

आपांना मी तो दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "ह्यात कलुषित कोन?"

मी कागदाची घडी घालून परत खिशात ठेवला.

"चार शनवार द्या मला. मग घाला कोर्टात, न्हायतर चुलीत."

दुसऱ्या शनिवारी मला राहवलं नाही. मोजे काढून, मांजराच्या पावलांनी जिना चढलो आणि दाराला कान लावून बसलो. आतून फक्त 'टिंग टिंग' ऐकू येत होतं. दहा मिनिटं ऐकून खाली आलो, रांगेत जागेवर बसलो आणि निरागस चेहरा केला. आपा खाली आल्या. माझ्याकडे बघितलं आणि गिरणीतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दौंड, कान पुसा." माझा डावा कान, दोन्ही गुडघे आणि नाकाचा शेंडा पांढरा होता. शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "दौंड, भिंतीकडं तोंड," असं त्यांनी यमक जुळवून सांगितलं, आणि अडतीस वर्षांचा, शिफ्टवर बारा माणसं हाताखाली असणारा मी, मुकाट्यानं उभा राहिलो.

आत काय चालायचं ते आपांनी नंतर सांगितलं. बुटांच्या दोन खोक्यांची दोन घरं, एक आईचं, एक बाबाचं. मधे लाल खेळण्यातली एसटी आणि भिंतीला टांगलेली सुतळीची घंटी. माणसं म्हणजे कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. पोरानं घंटी ओढायची, बस चालवायची, कुठं थांबवायची ते पोरानं ठरवायचं. काही पोरं आईच्या घरी उतरत, काही बाबाच्या, एकानं तर बस थेट पंक्चर करून टाकली होती. स्वराची बस कुठल्याच घरी थांबत नव्हती. ती कपाटाखाली जायची. तिथं एक रिकामा पत्र्याचा डबा होता. त्यात ती सगळ्यांत छोटा चिमटा ठेवायची, झाकण लावायची आणि गप्प बसून राहायची. तीन शनिवार हेच.

"भ्यालेलं पोर झाकान घट्ट लावतं," आपा म्हणाल्या. "ही बोटभर फट ठेवती. फट कोन ठेवतं? ज्याला बघायचं आसतं, शोधाया कोन येतंय का."

चौथ्या शनिवारी त्यांनी आम्हा दोघांनाही खोलीमागच्या स्वयंपाकघरात बोलावलं. दाराच्या पलीकडे स्वरा बस चालवत होती. टिंग टिंग ऐकू येत होतं. मी आत आहे हे तिला माहीत नव्हतं. आपांनी आवाज खाली घेतला. "आज म्या बाबाचा चिमटा घेतला आन् डब्याकडं न्यायला लागले. तिनं माजा हात धरला. म्हनली, 'त्यांच्यावर राज्य हाय. बाबा अजून मोजत्यात.'"

मला काही कळलं नाही. आपा माझ्याकडे बघत राहिल्या. "दौंड, शेवटला डाव कुठला खेळलात पोरीसंगं?"

मी म्हणालो, मोबाईलवर लुडो. सवयीनं म्हणालो. आणि मग आठवलं.

बायको माहेरी निघून गेली तो रविवार. दौंडच्या घरात मी आणि स्वरा लपाछपी खेळत होतो. राज्य माझ्यावर. मी हॉलच्या भिंतीला डोकं टेकून शंभरपर्यंत मोजत होतो. आतून हिनं ओरडून सांगितलं होतं, कुकरच्या शिट्ट्यांवर लक्ष ठेवा, मी अंघोळीला चालले. मी दोन्ही मोजायचं कबूल केलं. एकाच वेळी दोन मोजण्या करायची माझी लायकी नाही हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ती ओले केस पुसत बाहेर आली, डाळीचा वास आला, आणि तिनं विचारलं, किती झाल्या? मी डोळे मिटूनच म्हणालो, "त्रेसष्ट."

बाकी सगळं आमच्या दोघांच्या वकिलांना पाठ आहे. तिला वाटलं मी टोमणा मारला. दहा वर्षांचं साचलेलं त्या कुकरबरोबर बाहेर आलं. मीही कमी पडलो नाही. तासाभरात तिचा भाऊ गाडी घेऊन आला. माणसांचा छत्तीसचा आकडा असतो, आमचा त्रेसष्टवर मोडला.

मी हे सांगितलं. न्हावरे माझ्याकडे बघत होती.

"म्हंजी ते शिट्ट्यांचं नव्हतं?"

"न्हाई. लपाछपीचं."

तिनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "म्या वकिलाला पयलं तेच सांगितलंय. अर्जात लिवलंय." आणि हसली. मीही हसलो. हसून काही बदललं नाही, घटस्फोट व्हायचा तो पुढं झालाच, कारण असल्या शिट्ट्या आमच्यात पुष्कळ होत्या. पण त्या एका शिट्टीचा हिशोब तरी मिटला.

"आन् पोर कुठं व्हती तवा?" आपांनी विचारलं.

न्हावरेच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. कूलरच्या मागं. गाडीत बॅगा भरून झाल्या तेव्हा मामानं तिला तिथून ओढून काढलं होतं.

"मामा खेळत व्हता?"

"न्हाई."

"मग त्यानं शोधल्यालं धरत न्हाईत." आपांनी हे कोर्टाच्या निकालासारखं सांगितलं. "डाव चालूच हाय. पोरगी आठ महिनं लपून बसलीय. आन् तुम्ही अंगनात हुबं ऱ्हाऊन 'भाईर ये' म्हनताय. कुठं आसतं आसं? शोधायचं सोडून हाका मारनारा गडी म्या तरी पाह्यला न्हाई."

खिशातला कागद मी काढून त्यांच्यापुढं धरला. मला वाटलं, फाडतील, दोन शब्द बोलतील, डोळे पुसतील. त्यांनी उलटून बघितला. "पाठकोरा हाय," म्हणाल्या आणि पोरांच्या चित्रांच्या गठ्ठ्यात ठेवून दिला.

मग त्यांनी मला मागच्या दारानं खाली उतरवून गिरणीच्या भिंतीपाशी उभं केलं. वर जाऊन स्वराला काय सांगितलं ते माहीत नाही. एवढंच ऐकलं की शिट्टी वाजली आणि गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. एकदम शांत झालं. दळणाच्या रांगेतल्या सगळ्या बायका डबे मांडीवर घेऊन बघत होत्या. मी डोळ्यांवर हात ठेवले आणि म्हणालो, "एक."

"एकपास्नं कशाला?" आपा जिन्यावरून म्हणाल्या. "त्रेसष्ट झाल्यात की."

बरोबर होतं. मी घसा साफ केला.

"चौसष्ट."

बायकांपैकी कुणीतरी नाक ओढलं. मग पासष्ट, सहासष्ट करत गाडी पुढं निघाली. मी कारखान्यात इंग्रजीत मोजतो. अठ्ठ्याहत्तरनंतर माझं ठरलेलं झालं. मी म्हणालो, "एकोणनव्वद, नव्वद..."

वरून, खोलीतल्या कुठल्यातरी कोपऱ्यातून, बारीक आवाज आला.

"चीटिंग."

आठ महिन्यांत माझी पोर माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. मी पुन्हा अठ्ठ्याहत्तरवर आलो. एकोणऐंशी. ऐंशी. एकही गाळला नाही. शंभर म्हणून वळलो तेव्हा न्हावरे रांगेतल्या बायकांमध्ये बसली होती आणि माझ्या गव्हाचा डबा तिच्या मांडीवर होता.

जिन्यावर पिठात छोटी पावलं होती. मला मनातून जरा हुशारी वाटली. पावलं बघायची विद्या मीही आता शिकलो होतो. पावलं पायरी पायरीनं वर गेली होती, दारातून आत, फरशीवरून सरळ कपाटापाशी. मी दबक्या पावलांनी गेलो. कपाटाच्या दाराला बोटभर फट होती. दोन्ही हातांनी दार उघडलं.

आत पत्र्याचा डबा, लाल एसटी आणि चिमटे.

पोरगी कपाटापर्यंत गेली होती आणि आपल्याच पावलांवर पाय ठेवत उलटी दारामागं आली होती. बत्तीस वर्षांच्या मास्तरणीच्या हाताखाली चार शनिवार काढले होते तिनं. हे माझ्या ध्यानात येईपर्यंत पाठीत दोन्ही हातांचा दणका बसला.

"धप्पा!"

मी वळलो. नाकापर्यंत पिठानं माखलेली, दोन दात पडलेली, हसत उभी होती. मला तिला उचलायचं होतं. मी वाकलोसुद्धा. तेवढ्यात शिट्टी वाजली.

धप्पा बसला की राज्य पुन्हा त्याच गड्यावर, हा नियम शिरूरपासून दौंडपर्यंत सगळ्या पोरांना माहीत आहे. सेकंड शिफ्टला वेळेवर पोचायचं तर मला त्याच मिनिटाला निघायला हवं होतं. मी तसं म्हणालो. आपांनी माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. त्या स्वराकडे बघत होत्या, आणि स्वरा लपायला नवी जागा शोधत होती.

"दौंड," आपा म्हणाल्या, "भिंतीकडं तोंड. ह्या बारीला एकपास्नं."